नेसणे आणि घालणे

मराठी माणसाला सगळेच कपडे 'घालता' येत नाहीत. सदरा तो घालतो, पण धोतर नेसतो. शाल पांघरतो, उपरणे खांद्यावर घेतो, फेटा बांधतो, लंगोट कसतो. पदराचे तर विचारूच नये. पदर घ्यावा, सावरावा, खोचावा, ओढावा, आणि प्रसंग पडला तर पसरावाही. नव्याने मराठी शिकलेला कोणी 'मी धोतर घातले' म्हणाला की आपण गालातल्या गालात हसतो. त्या हसण्याचे कारण नुसते व्याकरण नव्हे. घालायच्या कपड्याला शिंप्याने आकार आधीच देऊन ठेवलेला असतो. आपण फक्त त्यात शिरायचे असते. नेसायच्या वस्त्राला आकारच नसतो. तो रोज सकाळी ज्याचा त्याने द्यायचा, आणि रात्री वस्त्र सोडले की तो आकार नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझा जन्मच या नेसायच्या वस्त्रांच्या ढिगात झाला. आमच्या आजोबांचे वाशिंदला कापडाचे दुकान होते. रेल्वेचा रस्ता कल्याणहून पुढे सरकत 1855 साली वाशिंदला येऊन पोचला आणि पुढे काही वर्षे तो इथेच संपत होता. आमचे दुकान त्यानंतर पुष्कळ वर्षांनी निघाले, पण त्याचे सारे दळणवळण या गाडीवरच. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात खेप करायची, गासडी ब्रेकमध्ये टाकायची आणि संध्याकाळच्या गाडीने वाशिंदला उतरवून घ्यायची. ब्राह्मणाने गज हातात धरावा हे आमच्या भाऊबंदांना फारसे रुचले नव्हते, पण गजाने आमची तीन पिढ्यांची पोटे भरली.

अलीकडे हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण माझी नात. पुण्यात जपानी भाषा शिकून ती नोकरीसाठी ओसाकाला गेली आहे. तिकडच्या मैत्रिणींनी तिला त्यांच्या वस्त्रांतले भेद समजावून सांगितले, ते तिने एका रविवारी फोनवर मला ऐकवले. आपण ज्याला सरसकट किमोनो म्हणतो त्यात केवढे प्रकार! युकाता म्हणजे सुती, बिनअस्तराचा, उन्हाळ्याचा. मूळचा स्नानाच्या वेळचा. त्याच्या आत दुसरा झगा लागत नाही. फुरिसोदे म्हणजे लांब, लोंबत्या बाह्यांचा, रंगीबेरंगी. तो अविवाहित मुलीने घालायचा. लग्न झाले की बाह्या आखूड होतात, त्या वस्त्राला तोमेसोदे म्हणतात. काळ्या तोमेसोदेवर घराण्याची पाच चिन्हे असतात आणि तो लग्नात वधूवरांच्या आया आणि जवळच्या बायका घालतात. जिवंत माणसाने डावी बाजू उजवीवर घ्यायची. उजवी डावीवर फक्त प्रेताची घेतात. डाव्या-उजव्याचा हा नियम इ. स. 719 साली सरकारी हुकूम काढून सर्वांना लागू केला होता म्हणे! आणि गंमत अशी, की त्या भाषेतही आपल्यासारखीच क्रियापदांची शिस्त आहे. अंगावर चढवायचे ते 'किरू', कमरेखाली किंवा पायात घालायचे ते 'हाकू', डोक्यावर ठेवायचे ते 'काबुरू'. किमोनो या शब्दाचा अर्थ नुसता 'अंगावर घालायची वस्तू' एवढाच.

हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, आता त्या मला विचारतात, तुमच्या साड्यांत काय फरक असतो? तुम्ही कापडवाले. सांगा ना."

मी तिला इरकलीपासून सांगायला सुरुवात केली. कापडवाल्याने तिथूनच करावी. इरकली कर्नाटकातल्या इळकलची. अंग सुती किंवा सूत-रेशमी, पदर मात्र लाल रेशमाचा, मध्ये पांढरे पट्टे. पदराचा ताणा वेगळा रंगवून तो अंगाच्या ताण्याला एकेका धाग्याचा फास घालून जोडतात, म्हणून त्याला टोपपदर म्हणायचे. पैठणी पैठणची आणि आता त्याहून जास्त येवल्याची; जरीचा पदर, त्यावर मोर, मुनिया, आसावली. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच, उलटे नेसले तरी कळायचे नाही. नारायणपेठी तेलंगणातून यायची. चंद्रकळा काळी, तांबड्या काठाची, संक्रांतीला हमखास खपणारी; एरवी अशुभ मानलेला काळा रंग त्या एका सणाला शुभ होतो. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. ही झाली ठेवणीतली वस्त्रे. रोजच्या नेसूची लुगडी मालेगावच्या मागांवरची आणि मुंबईच्या गिरण्यांची.

पण नातीशी बोलताबोलता माझ्या लक्षात आले, की हे सगळे भेद विणकराचे झाले. आमच्या दुकानाच्या पायरीवरून जे भेद दिसत ते निराळेच होते. एकाच गिरणीचे, एकाच काठाचे लुगडे चार बायका घेऊन जात आणि बाजाराच्या दिवशी त्या चौघी समोरून चालत आल्या तर चार देशांच्या वाटाव्यात! फरक कापडात नसे, नेसण्यात असे.

आमच्या घरच्या बायका अठरा हात, म्हणजे पुरे नऊ वार नेसत. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, त्यांतून कासोटा मागे घेऊन खोचलेला आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत झाकलेले. कमरेशी खोचलेल्या निऱ्यांच्या केळ्यात सुटे पैसे राहत, ओच्यात परसातली भाजी राहत असे. कुणबिणी सोळा हाती मागत. काठ बारीक, रंग मळखाऊ, आणि कासोटा असा ओढून बसवलेला की पोटऱ्या मोकळ्या राहाव्यात. भिवंडी-कल्याणकडच्या आगरणी आणि गाडीतून सुकटबोंबलाच्या पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणी लुगडे आडवे नेसत, गुडघ्याशी घट्ट आवळून. खांद्यावर निराळे वस्त्र. माहुलीच्या बाजूने येणाऱ्या ठाकरणींचे लुगडे त्याहून वर, मांडीशी तंग बसलेले, आणि गळ्यात मण्यांच्या माळांचे ओझे. कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरणीला तर लुगड्याचा तुकडाच पुरत असे. कारण पुरवावाच लागे.

लहानपणी मला वाटे, या साऱ्या जणू कोणी वाटून दिलेल्या वर्द्या आहेत. पुढे आवणीच्या दिवसांत शेतांच्या बांधावरून फिरू लागलो तेव्हा उलगडा झाला. भातसेच्या काठची खाचरे गुडघाभर चिखलाने भरलेली असतात. त्यात दिवसभर वाकून रोप लावायचे तर घोट्यापर्यंतचे लुगडे चार पावलांत दोन शेर चिखल उचलील. खाडीच्या पाण्यात उतरणारी कोळीण, करवंदीच्या जाळ्यांतून मोळी घेऊन धावणारी ठाकरीण, यांनी निऱ्या सोडायच्या कुठे? जिचे काम जितके पाण्यात, चिखलात आणि काट्यांत, तितके तिचे लुगडे वर. आमच्या घरच्या बायकांचे लुगडे घोट्यापर्यंत पोचत होते याचा अर्थ एवढाच, की त्यांना चिखलात उतरावे लागत नव्हते.

इथपर्यंत सारे ठीक होते. जसे काम तसे वस्त्र. पुरुषांचेही तसेच, पावसात कुणबी घोंगडीची खोळ घेई, बायका पळसाच्या पानांचे इरले पाठीवर घेत. पण माणसाचा स्वभाव असा, की सोयीची गोष्ट फार दिवस सोयीची राहू देत नाही, तिची खूण करून टाकतो. आधी कामामुळे लुगडे वर गेले. मग लुगडे वर आहे म्हणून ती बाई अमक्या कामाची ठरली. मग तिने चिखलात नसतानाही, लग्नाच्या मांडवातही, ते तिथेच ठेवले पाहिजे असे ठरले. घोट्यापर्यंतचे अंतर वीतभर, पण ते ओलांडायला पिढ्या लागल्या.

सत्तर सालानंतर मी दुकानात बसू लागलो. तेव्हा बौद्धवाड्यातून एक म्हातारी येत असे. घासाघीस करायची नाही, पण कापड उन्हात नेऊन दोन्ही बाजूंनी पारखून घ्यायची. मागायची मात्र नेहमी नऊवारीच. एकदा मी म्हटले, "आजी, आठवारीत भागेल की. पैसे वाचतील." त्यावर ती पायरीवर नीट टेकली आणि तिने मला तिच्या सासूची गोष्ट सांगितली. आमच्या आजोबांच्या काळी तिची सासू पायरीच्या खाली उभी राहून लुगडे घेई. कापड हातात मिळत नसे, पायरीवर ठेवले जाई. काठ कोणता असावा हेही तिने सांगायचे नसे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला परिषद भरली. मनुस्मृती जाळली ती याच परिषदेत. तिथे जमलेल्या स्त्रियांना डॉ. आंबेडकरांनी सांगितले, की तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा ही तुमच्या अस्पृश्यतेची निशाणी आहे, ती टाका. पांढरपेशा बायका नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा. गळाभर गाठी आणि कोपरापर्यंतच्या पाटल्या काढून ठेवा. त्या परिषदेतच बायकांनी नेसण बदलली. ती बातमी पायी चालत आमच्या तालुक्यात येऊन पोचली, आणि या म्हातारीच्या सासूने आपल्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत आणला.

"सोला हातात ते व्हत नाही," म्हातारी म्हणाली. "एक वार जास्तीचा लागतो. त्या वाराचे पैसे आमी कधी वाचवले नाहीत."

गजावर वार मोजण्यात माझा जन्म गेला. त्या एका वाराइतका महाग वार मी दुसरा मोजला नाही.

आणि आमच्या स्वतःच्या घरात, ज्यांचे लुगडे घोट्यापर्यंत पोचत होते त्या घरात काय होते? वडिलांची आत्या होती. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य. तेव्हापासून केशवपन आणि तांबडे आलवण, चोळी नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचे बिऱ्हाड होते. पुढे फळ्यांवर हिरवी, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, राघूरंगी लुगडी रचलेली, आणि भिंतीपलीकडे एका बाईला जन्मभर एकच रंग.

कापडाची पारख मात्र साऱ्या घरात तिच्याइतकी कोणाला नव्हती. नवी गासडी आली की वडील रात्री दुकान बंद करून चारदोन नग तिच्यापुढे नेऊन टाकीत. ती दिवा मागत नसे. बोटांनी काठ चाचपून सांगे, "हे दोन धुण्यांत विटेल." "याच्या पदराचे फास नीट बसलेले नाहीत." "हे घे, हे टिकेल." गावातल्या उपवर मुली मागच्या दाराने तिच्याकडे नऊवारी नेसायला शिकायला येत. ती एका लाकडी खुंटीला लुगड्याचे टोक अडकवून निऱ्या कशा घ्याव्या ते दाखवी. मुलीला हात लावीत नसे. तिने शिकवलेल्या नेसणीने त्या मुली बोहल्यावर उभ्या राहत, आणि लग्नाच्या दिवशी आत्या आपल्या खोलीचे दार आतून लावून घेई.

माझी मोठी बहीण मॅट्रिक झाली आणि तिला कल्याणला नोकरी लागली. साल असेल 1962. गाडीने जायचे-यायचे म्हणून तिने पाचवारी गोल पातळ नेसायचे ठरवले. आजोबांच्या कपाळाला आठ्या. त्यांच्या मते कासोट्याची म्हणजे सकच्छ नेसण ती खरी. विकच्छ नेसलेल्या बाईला देवाधर्माचे काम चालत नाही. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मागच्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "दादा, ते नेसणार कोण आहे?" आजोबांनी उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी वडिलांनी दुकानातून एक आकाशी पातळ काढून बहिणीला दिले, आणि त्याची किंमत वहीत मांडली नाही.

आत्या त्याच्या पुढच्या वर्षी गेली. तिची दोन धुवट आलवणे राहिली होती. असले वस्त्र घरात ठेवीत नसत, देऊन टाकीत. आईने ती दिली नाहीत. तिने त्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि आपल्या विरलेल्या इरकलीच्या, चंद्रकळेच्या, बहिणीच्या परकराच्या तुकड्यांत मिसळून गोधडी शिवली. ती गोधडी मी पुष्कळ वर्षे अंगावर घेतली. जुन्या सुताइतके मऊ दुसरे काही नसते. शिवाय त्या सगळ्या रंगांत आलवणाचा तांबडा कुठला ते सांगितल्याशिवाय कळत नसे.

पुरुषांचा मामला सोपा. जपानात 1872 साली दरबारी समारंभांसाठी विलायती पोशाख ठरला. पुरुषांनी कोट-पाटलोण उचलली, बायका मात्र पुढची दोन-तीन पिढ्या किमोनोत राहिल्या. आमच्याकडेही तेच. धोतर गेले, टोपी गेली, त्याबद्दल कोणी अबोला धरला नाही. परंपरा सांभाळण्याची जबाबदारी बायकांच्या कमरेला खोचून पुरुष मोकळे झाले.

लुगडे कसे गेले हे मी गल्ल्यावर बसून पाहिले. त्याला कोणी एक कारण नाही. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणीच्या सुती लुगड्यांचा ओघ आटला. भिवंडीचे यंत्रमाग होते, सुरतेची कृत्रिम धाग्याची पातळे येऊ लागली. ती स्वस्त, वाळायला हलकी, इस्त्री नको. पण त्या धाग्याला पकड नसते. कासोटा सुताचा बसतो, गुळगुळीत कापडाचा घसरतो. शिवाय सव्वाआठ मीटर कापडापेक्षा साडेपाच मीटर केव्हाही परवडते. मुली लोकलने कामाला जाऊ लागल्या. मग पंजाबी पोशाख आला, गाऊन आला. शेवटी माझ्याकडे नऊवारी मागायला फक्त म्हाताऱ्या येत, आणि दर पावसाळ्यानंतर त्यांतल्या एकदोघी येत नसत.

आता लग्नसराईत नऊवारी परत आली आहे, पण ती शिवलेली असते. निऱ्या शिवलेल्या, कासोटा शिवलेला, कमरेला नाडी किंवा हूक. पाच मिनिटांत मुलगी तयार. माझ्या वयाचे लोक नाके मुरडतात; मला ते जमत नाही. ज्या मुलीला आवडते तिने खुशाल घालावी. मात्र ती 'घालावी' लागते, एवढे खरे. लुगड्याला माप नव्हते. सासूचे सुनेला, लेकीचे आईला, बाळंतिणीचे पुन्हा सडसडीत झालेल्या तिलाच, सगळ्यांना तेच बसे. किमोनोचेही थोडेसे तसेच आहे. सुमारे बारा मीटर लांब आणि वीत-दीडवीत रुंद अशा एकाच पट्टीतून सरळ तुकडे कापून तो शिवतात. उसवले की पट्टी पुन्हा जवळजवळ होती तशी. शिवलेल्या नऊवारीला मात्र लहान-मध्यम-मोठे आले. मुलगी दोन इंच वाढली की ती कपाटात गेली.

नातीला मी शेवटी एवढेच सांगितले, की त्यांच्यात बाहीची लांबी बोलते, आपल्यात काठाची उंची बोलत असे. आणि दोन्हीकडे ती बाईविषयी बोले, पुष्कळदा बाईला न विचारता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिकडे आता एखादी मुलगी फुरिसोदे भाड्याने आणते, फोटो काढते आणि संध्याकाळी परत करते."

"करू दे," मी म्हटले. "एक दिवसाची मालकी तरी तिची."

सकाळी कधी फिरत फिरत मी फलाटावर जातो. कसाऱ्याहून येणारी लोकल वाशिंदला थांबते आणि बायकांच्या डब्याशी गर्दी होते. परिचारिका, शिक्षिका, दुकानांतल्या मुली, कॉलेजच्या मुली. एके काळी मी शंभर पावलांवरून सांगत असे, ही कुठल्या वाडीची, कुठल्या जातीची, सधवा की विधवा, आवणी करून आली की पूजा करून. आता काही म्हणजे काही सांगता येत नाही. कापडवाल्याच्या डोळ्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते. पण दुकानाच्या पायरीखाली उभी राहणारी ती सासू आणि भिंतीपलीकडची आत्या यांना हा फलाट दाखवता आला असता तर बरे झाले असते, असेही वाटते.

दुकान बंद होऊन वर्षे झाली. आजोबांचा लोखंडी गज घरात आहे. मोजमापे मीटरची होऊन साठावर वर्षे उलटली, तरी नऊवारीला कोणी सव्वाआठ मीटरी म्हणत नाही. त्या एका शब्दात वार टिकून आहे. गजाला आता दुसरे काम नाही. सून रात्री तो मागच्या दाराला अडसर म्हणून लावते, आणि सकाळी दार उघडताना काढून ठेवते.